शिक्षण वेगळं, अक्कल वेगळी

शिकलेले एका मुलावर थांबतात, न शिकलेल्यांना चार होतात, म्हणून पुढची पिढी 'ढ' निपजणार, असं एका लेखात लेखकाचं म्हणणं. पहिला भाग थोडाफार खरा आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात शाळेत न गेलेल्या बाईमागे सरासरी २.८ मुलं, बारावी किंवा पुढे शिकलेलीमागे १.८. पण त्यावरून अक्कल कशी काय मोजली बुवा?

माझी आजी निफाडकडची. शाळेची पायरी चढली नाही, बाळंतपणं सात. लासलगावला कांद्याचा लिलाव झाला की हमाली-तोलाई वजा जाता हातात किती पडणार, हे हिशोबपट्टी यायच्या आत तोंडी सांगायची. एकदा पट्टीत सव्वाशे रुपये कमी लागले होते, तेही तिनेच धरले. (आजोबा सातवी पास, त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं!) तिची नात, म्हणजे माझी बहीण, इंजिनिअर आहे, तिला एकच मुलगी. मधल्या काळात डोकी बदलली नाहीत, शाळा गावात आली.

आणि ही भीती जुनीच आहे. ब्रिटनमध्येही असाच ओरडा होता. स्कॉटलंडने १९३२ आणि १९४७ मध्ये अकरा वर्षांच्या जवळपास सगळ्या मुलांची बुद्धिचाचणी घेतली. सरासरी घसरायची सोडून किंचित वाढलीच.

बाकी आमच्याकडे एकावर का थांबतात ते विचाराल, तर नाशिकच्या गंगापूर रोडला एकदा शाळेच्या फीची चौकशी करून या.