मोठे आवार, चोख वेळापत्रक आणि कॅमेरे: एका लोकप्रिय दाव्याचा प्रतिवाद

बौद्धिक दिव्यांग प्रौढांच्या निवासी संस्था सुधारण्यासाठी एक उपाययोजना सध्या फार आग्रहाने मांडली जाते. तिचे म्हणणे थोडक्यात असे: ही माणसे वयाने वाढलेली लहान मुलेच असतात, म्हणून त्यांना एका मोठ्या, सर्व सोयींच्या आवारात ठेवावे, त्यांचा दिवस घड्याळाला बांधून द्यावा, चिडणाऱ्यांना औषधाने शांत करावे आणि खोल्याखोल्यांत कॅमेरे बसवावेत. ‘आमच्या पश्चात याचे काय’ या प्रश्नाने पोखरलेल्या पालकांना हे पटते, यात नवल नाही. त्यांची काळजी खरी आहे. सुचवलेले उपाय मात्र तपासून पाहिले पाहिजेत.

‘पाच वर्षांच्या मुलाची बुद्धी’ हे वर्णन चाचणीतील गुणांवरून येते. ते चाळीस वर्षांच्या माणसाच्या गाठीशी असलेल्या आवडीनिवडी, नाती, दुःखे आणि प्रौढ शरीर यांविषयी काहीच सांगत नाही. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ सालच्या निदानपुस्तिकेतही तीव्रतेची पातळी बुद्ध्यंकावरून न ठरवता दैनंदिन व्यवहारातील क्षमतेवरून ठरवलेली आहे, कारण कोणाला किती आधार लागेल हे त्यावरूनच कळते. प्रौढाला लहान मूल मानण्याच्या समजुतीचा सर्वांत घातक परिणाम सुरक्षिततेवर होतो. ज्याला आयुष्यभर निमूटपणे ऐकायला शिकवले, ज्याला स्वतःच्या अवयवांची नावेही कोणी सांगितली नाहीत, त्याच्यावर अत्याचार झाला तर त्याने ‘नको’ कसे म्हणावे आणि तक्रार कोणत्या शब्दांत करावी?

मोठ्या आवाराचा प्रयोग जगाने करून पाहिला आहे. न्यूयॉर्कमधील विलोब्रुक ही बौद्धिक दिव्यांगांची संस्था सुमारे चार हजार रहिवाशांसाठी बांधलेली होती. १९६५ पर्यंत तेथे सहा हजारांहून अधिक माणसे कोंबली गेली. १९७२ मध्ये दूरचित्रवाणीने तेथील अवस्था लोकांसमोर आणली आणि १९८७ मध्ये ती बंद झाली. स्वीडनने तर १९९७ मध्ये कायदा करून उरलेल्या मोठ्या संस्था बंद करण्यासाठी १९९९ अखेरची मुदत घातली.

तथापि, छोटे घर म्हणजे चांगले घर, असाही अर्थ कोणी काढू नये. सहा जणांच्या घरातही सर्वांनी एकाच वेळी उठायचे, एकाच वेळी जेवायचे आणि उरलेला वेळ भिंतीला टेकून बसायचे, असे होऊ शकते. फरक पडतो तो मदतनीस काय करतात यामुळे. ब्रिटनमध्ये संशोधक जिम मॅन्सेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सक्रिय आधार’ ही पद्धत ज्या पायावर उभी केली, तो सांगायला साधा आणि आचरायला अवघड आहे: काम माणसासाठी न करता त्याच्यासोबत करायचे. धुलाई यंत्रात कपडे टाकण्याच्या कामाचे टप्पे पाडले, तर तीव्र अक्षमता असलेली व्यक्तीही त्यातला एखादा टप्पा, निदान कळ दाबण्याचा, स्वतः पार पाडू शकते. मदतनिसाने एकट्याने ते काम उरकले तर पाच मिनिटे वाचतात, पण रहिवाशाचा दिवस रिकामा राहतो. म्हणूनच प्रशिक्षण वर्गात एकदा देऊन भागत नाही. अनुभवी पर्यवेक्षकाने प्रत्यक्ष कामाच्या जागी उभे राहून ते पुन्हा पुन्हा दाखवावे लागते.

औषधांबाबतचा पुरावा तर दाव्याच्या नेमका उलट आहे. २००८ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत बौद्धिक अक्षमता असलेल्या ८६ आक्रमक प्रौढांना रिस्पेरिडोन किंवा हॅलोपेरिडॉल ही मनोविकारांवरील औषधे किंवा औषधविरहित गोळी देण्यात आली. चार आठवड्यांत तिन्ही गटांतील आक्रमकता घटली आणि सर्वाधिक घट औषधविरहित गोळी घेणाऱ्यांमध्ये दिसली. मानसिक आजाराचे स्वतंत्र निदान असेल तर औषध हवेच. पण ज्याला बोलता येत नाही, त्याचे डोके आपटणे हे दातदुखीचे, कानदुखीचे किंवा बद्धकोष्ठतेचे लक्षण असू शकते, आणि अशा वेळी दिलेली गुंगी त्या आजाराला झाकून टाकते.

राहिले कॅमेरे. कॅमेऱ्यांचे समर्थक इंग्लंडमधील विंटरबोर्न व्ह्यू या बौद्धिक दिव्यांगांच्या खासगी रुग्णालयाचे उदाहरण देऊ शकतील, कारण तेथील छळ २०११ मध्ये छुप्या चित्रीकरणातूनच उघड झाला. परंतु त्याआधी तेथील एका परिचारकाने व्यवस्थापनाकडे आणि सरकारी नियामक यंत्रणेकडेही तक्रार केली होती, आणि तिची वेळीच दखल घेतली गेली नव्हती. सांगणारा होता, ऐकणारे नव्हते. शयनकक्षातला कॅमेरा माणसाचे खासगीपण हमखास हिरावतो. चित्रण पाहून कारवाई करणारे कोणी असेलच, याची हमी मात्र तो देत नाही. पूर्वसूचना न देता अचानक येणारे बाहेरचे निरीक्षक, रहिवाशाला स्वतःहून भेटणारी संस्थेबाहेरची माणसे आणि तक्रार करणाऱ्या कर्मचाऱ्याला संरक्षण, यांची जागा यंत्र घेऊ शकत नाही.

संस्था पाहायला जाणाऱ्या पालकांनी म्हणून इमारतीपेक्षा इतर गोष्टी विचाराव्यात: उठण्याची वेळ आणि खोलीतील सोबती कोण ठरवतो, खोलीला आतून कडी लावता येते का, दातांची तपासणी शेवटची कधी झाली, शांत करणाऱ्या औषधांचा फेरआढावा कोण घेतो आणि गेल्या वर्षभरात किती मदतनीस सोडून गेले. ही विचारपूस कार्यालयात बसून न करता, शक्य तेथे रहिवाशांमध्ये बसून आणि त्यांनाही विचारून करावी.