बुरशी आधी मारा, मग पुडीतून विकत आणा

शेतकरी राजा, निंदणीला बायका मिळत नाहीत, मिळाल्या तर मजुरी परवडत नाही, आणि पाऊस डवरा घालू देत नाही. तेव्हा ‘तण खाई धन’ म्हणत कपाळाला हात लावून बसू नका. कृषी केंद्रात जा आणि ग्लायफोसेट या तणनाशकाची बाटली मागा. लेबल वाचायच्या भानगडीत पडू नका. त्यावर चहाचे मळे आणि बिनपिकाची जागा असलं काहीतरी लिहिलेलं असतं. यवतमाळात चहा कुठे पिकतो, असं कुणी विचारलंच तर त्याला टपरीवर न्या. २०२२ साली केंद्र सरकारनं हे औषध फक्त कीड नियंत्रण करणाऱ्या व्यावसायिकांनीच फवारावं, असा आदेश काढला. असा कुणी तुमच्या शिवारात आढळला तर शाल-श्रीफळ देऊन सत्कार करा.

माप झाकणानं घ्या. पंपाला एक झाकण सांगितलं असेल तर दोन टाका, तिसरं मनाच्या समाधानासाठी. आठवडाभरात तण पिवळं पडेल, शेजारी बांधावर उभा राहून बघेल. फवारणीचं अर्धं सुख त्यातच आहे.

औषध पानातून शिरतं, मुळापर्यंत उतरतं आणि त्यातलं थोडं मुळांवाटे मातीत सुटतं. वनस्पतीत काही अमिनो आम्लं तयार करणारी शिकिमेट नावाची साखळी असते, तिची एक कडी ते तोडतं. माणसात ही साखळीच नाही, हे दुकानदार छातीठोकपणे सांगेल, आणि ते खरंही आहे. बुरशीत ती असते, एवढं सांगायला मात्र त्याला सवड नसते. मागे गिऱ्हाईक खोळंबलेलं असतं.

आता बुरशीचं एवढं काय कौतुक? मायकोरायझा नावाची एक जमात पिकाच्या मुळात घर करते. तिचे धागे इतके बारीक की रोप उपटून, मुळं धुऊन, उन्हात धरली तरी दिसायचे नाहीत. मुळं पोचत नाहीत तिथून ती स्फुरद (फॉस्फरस) ओढून आणते, झाड तिला बदल्यात साखर देतं. हा व्यवहार ४० कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांतही सापडतो. कांद्याला तर मूळकेस जवळजवळ नसतातच, त्याची सगळी भिस्त हिच्यावर. आपल्या चुनखडीच्या काळ्या रानात डीएपी खतातलं बरंचसं स्फुरद चुन्याशी बांधलं जातं आणि ते मिळवायलाही हीच कामाला येते. पण फुकट राबणाऱ्याची किंमत आपण कधी केली आहे?

ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ग्लायफोसेटनं मुळांवरची ही बुरशी घटलेली दिसली. तो प्रयोग कुंड्यांतला होता, शेताचा नव्हे. शेतात शिफारशीच्या मात्रेत परिणाम कमी दिसतो, कधी दिसतही नाही. म्हणूनच तर म्हणतो, शिफारशीची मात्रा पाळू नका. (नांगराच्या फाळानंही हे धागे तुटतात, हे बिननांगरणीवाल्यांचं म्हणणं खरं आहे. पण उपरोधिक लेखात दुसऱ्याची बाजू किती मांडायची?)

पुढची पायरी सोपी. ही बुरशी जिवंत मुळांवरच जगते, तणाच्या मुळांवरसुद्धा. म्हणून बांधापासून बांधापर्यंत एक हिरवं पान ठेवू नका, म्हणजे तिला कडकडीत उपास घडेल. मरत्या मुळांवर मात्र फ्युजॅरियम आणि पिथियम या रोग आणणाऱ्यांचं जेवण छान होतं, तेव्हा फवारल्यावर लगेच पेरा. हरभरा उभ्याउभ्या मरू लागला की बियाण्याला शिव्या घाला.

मग पुन्हा त्याच दुकानात जा. तिथं ‘व्हॅम’ नावाची पुडी मिळते, तिच्यात मायकोरायझाच असते. शेजारी ट्रायकोडर्मा या रोगाच्या बुरशीला मारणाऱ्या बुरशीचा डबा असतो, तोही घ्या. पुडी टाकताना डीएपीचा डोस दुप्पट ठेवा, कारण स्फुरद आयतं मिळालं की झाड बुरशीला साखर द्यायचं कमी करतं आणि विकतची बुरशीही फार काळ त्रास देत नाही.

पंधरा-वीस दिवसांनी केना नावाचं तण डोकं वर काढेल. ते ग्लायफोसेटला सहसा दाद देत नाही. घाबरू नका, त्याच्यासाठी दुकानदाराकडे दुसरी बाटली आहे, आणि पैसे कापूस निघाल्यावर दिले तरी चालतात.