गायिका अज्ञात म्हणे!

आज दुपारी साड्यांच्या एका रीलवर माझ्या आत्याचा आवाज ऐकला. जात्यावरची ओवी. खाली लिहिलंय, 'पारंपरिक, गायिका अज्ञात'. अज्ञात कसली? धडधाकट आहे, रोज सकाळी फोन करून माझं डोकं खाते!

तेव्हापासून टाळकं सटकलंय आणि राहून राहून रिओ द जानेरोचं काझा एडिसन आठवतंय. दक्षिण अमेरिकेतल्या अगदी सुरुवातीच्या रेकॉर्ड कंपन्यांपैकी एक. नावावर जाऊ नका, मालक फ्रेड फिग्नर. जन्म बोहेमियाचा, १८९१ मध्ये फोनोग्राफ घेऊन ब्राझीलला उतरलेला पक्का व्यापारी. १९०० मध्ये दुकान थाटलं, १९०२ मध्ये ब्राझीलच्या पहिल्या तबकड्या विकायला काढल्या. गायकानं भोंग्यापुढे बेंबीच्या देठापासून गायचं, तबकड्या जर्मनीत छापायच्या आणि बोटीनं परत यायच्या. पहिल्याच तबकडीवरचं गाणं रचलेलं शिश्तो बाईयानं, तो तर १८९४ मध्येच वारला होता. गायला बायानो.

पण गाण्याआधी पुकारा व्हायचा: गाणं कुठलं, गाणार बायानो, काझा एडिसनसाठी, रिओ द जानेरो. आपल्याकडे त्याच साली गौहरजानही तबकडीवर नाव सांगत होती. दुकानाची जाहिरात होती ती, ठीक आहे. पण गाणाऱ्याचं नाव होतं ना!

आत्याच्या कॅसेटवर नव्हतं. रेकॉर्डिंगला बांगड्या वाजतात म्हणून तिला काढायला सांगितल्या. ती काढेना, तेव्हा मनगटांना रुमाल बांधून गायली. एक पाकीट, एक ब्लाउजपीस, एका कागदावर सही. कव्हरवर नऊवारीतली कुठलीशी मॉडेल आणि मालकाचं नाव ठळक.

आता कुणीतरी म्हणेलच, ओव्या काय आत्यानं रचल्या? नाही रचल्या. हे भांडण रिओतही झालंय. 'पेलो टेलेफोने' हा गाजलेला सांबा १९१६ मध्ये डोंगा नावाच्या संगीतकारानं आपल्या नावावर नोंदवला, १९१७ मध्ये काझा एडिसनच्या तबकडीवर बायानोच्या आवाजात आला, आणि तिया सियाता नावाच्या बाईच्या घरी गाण्याबजावण्याला जमणारी मंडळी खवळली. गाणं सगळ्यांनी बसून रचलेलं, नाव एकाचं कसं? त्याच १९१७ मध्ये संगीतकार शिकीन्या गोंझागा आणि इतरांनी नाटककार-संगीतकारांच्या हक्कांसाठी संस्था काढली. बाई तेव्हा सत्तरीच्या घरात होती! आमची आत्या सही करून गप्प बसली. तिला तरी काय बोलणार, त्या पाकिटातून तिनं माझ्या शाळेचे बूट आणले होते.

फिग्नर अगदीच वाईट नव्हता. त्यानं पैसा घातला नसता तर बायानोचा आवाज आज कुणी ऐकला नसता. म्हाताऱ्या कलावंतांच्या आश्रमासाठी त्यानं जमीनही दिली. दिली, बरं केलं. पण आयुष्यभर तबकड्यांवर नफा व्हायचा तो दुकानाचा, आणि म्हातारपणी गायकाला आसरा मिळायचा तो दान म्हणून, हा हिशेब मला पटत नाही. कधीच पटणार नाही.

त्या रीलवाल्यांना मेसेज केलाय. उत्तर आलं, 'ताई, गाणं इंटरनेटवर फ्री होतं.' वर हसरी इमोजी! आत्याचं नाव सुलोचना. तिथे जाऊन सगळ्यांनी कमेंटमध्ये लिहा. मला ब्लॉक केलंय त्यांनी.