फाइलसह मी

अमेरिकेत येऊन दोन महिने होतात न होतात तोच ऑफिसच्या कामासाठी नेवार्कहून शिकागोला जायची वेळ आली. देशातल्या देशात, तेही विमानाने. मी सहज म्हणून मेहुण्याला फोन केला. तो इथे बारा वर्षं मुरलेला. म्हणाला, "दाजी, पासपोर्ट बस झाला. पण कागद आपले सगळे जवळ असू द्या."

'सगळे' हा शब्द माझ्यासारख्या माणसापुढे उच्चारू नये.

त्यात ऑफिसातल्या एकाने विचारलं, "लायसन्सवर स्टार आहे ना?" प्रवासाला निघताना तारे बघायची पद्धत इथेही आहे हे ऐकून मला बरंच वाटलं. मग कळलं, विमानप्रवासाला ओळखपत्र म्हणून चालणाऱ्या 'रिअल आयडी'वाल्या ड्रायव्हिंग लायसन्सच्या कोपऱ्यात चांदणी असते. तसा कायदा 2005 साली झाला आणि विमानतळावर लागू झाला 7 मे 2025 ला. वीस वर्षं! आपल्याच माणसांत आल्यासारखं वाटलं. माझ्याकडे मात्र चांदणी सोडाच, लायसन्सच नव्हतं. लायसन्सला पत्त्याचा पुरावा हवा, पुराव्याला विजेचं बिल हवं आणि बिल घरमालकाच्या नावाने.

म्हणजे भिस्त पासपोर्टवर. भारतीय पासपोर्ट इथे चालतो, हे मी सरकारी वेबसाइटवर तीन वेळा वाचलं. पण नावाचं काय? पासपोर्टवर माझं आणि वडिलांचं नाव एकाच रकान्यात शेजारी शेजारी बसलेलं. बोर्डिंग पासवर त्या दोघांमधली जागा गिळून एक लांबलचक आगगाडी छापलेली, शेवटचा डबा कापलेला. या नावाचा माणूस आमच्या घराण्यात झालेला नाही. रात्रभर झोप नाही.

सकाळी फाइल तयार होती. एच-वन-बीचं मंजुरीपत्र. आय-नाइन्टीफोरच्या, म्हणजे अमेरिकेत शिरल्याच्या सरकारी नोंदीच्या, तीन प्रती (ती मात्र जवळ हवीच, अठरा वर्षांवरच्या परदेशी माणसाने नोंदणीचा कागद कायम बाळगावा असा इथला कायदा आहे). आधार आणि पॅन, जे इथे कुणी बघत नाही. दहावीची मार्कशीट, कारण तिच्यावर वडिलांचं नाव ऐसपैस जागा सोडून छापलंय. बायकोच्या व्हिसासाठी जोडलेलं मॅरेज सर्टिफिकेट आणि लग्नाचा फोटो. "अहो, शिकागोला चाललाय की स्थळ बघायला?" बायको म्हणाली. सोशल सिक्युरिटीचं कार्ड तिनेच फाइलमधून काढून घरी ठेवलं. त्याच्यावर फोटो नसतो, ते ओळखपत्र म्हणून चालत नाही आणि हरवलं तर व्याप.

विमानतळावर रांगेत माझ्या पुढे एक बाई आणि दोन मुलं. मुलांना कुणी काही विचारलंच नाही. देशांतर्गत प्रवासात अठराच्या आतल्यांना ओळखपत्र लागत नाही. मला त्या पोरांचा हेवा वाटला.

माझा नंबर आला. अधिकाऱ्याने पासपोर्ट यंत्रात सरकवला, मला कॅमेऱ्याकडे बघायला सांगितलं. मी बोर्डिंग पास पुढे केला, तर त्याने हातानेच नको म्हटलं. ती आगगाडी त्याने पाहिलीसुद्धा नाही! "पुढे चला." पाच सेकंदही लागले नसतील. मला चक्क अपमान वाटला. निदान मंजुरीपत्र तरी मागायचं.

तेवढ्यात पट्ट्यावरून येणारी माझी बॅग थांबली आणि बाजूच्या पट्ट्यावर वळली.

"ही कुणाची?" एका बाईंनी विचारलं. पडद्यावर काहीतरी जाडजूड, काळपट, गच्च दिसत होतं. त्यांनी हातमोजे घातले आणि बॅगेतून माझी फाइल बाहेर काढली. कापडाची पट्टी कडांवरून फिरवली, ती यंत्रात तपासली, मग एकेक प्लास्टिकचा कप्पा उलटू लागल्या. आय-नाइन्टीफोर. पुन्हा आय-नाइन्टीफोर. दहावीच्या मार्कशीटवर जरा रेंगाळल्या. गणिताचे मार्क मराठी आकड्यांत नाहीत याचं मला पहिल्यांदाच वाईट वाटलं.

शेवटच्या कप्प्यात लग्नाचा फोटो निघाला. मुंडावळ्या, फेटा, जाड काळी मिशी. बाईंनी फोटो बघितला. मग माझ्याकडे, विशेषतः डोक्याकडे, बघितलं.

"हे तुम्ही?"

दिवसभरात माझी ओळख विचारणारी ती एकमेव व्यक्ती. मी छाती काढून हो म्हणालो.

त्यांनी पुन्हा फोटो बघितला.