रॉजर्सने संशोधन केलंच नाही? काहीही!
कार्ल रॉजर्स (बोलण्यातून मानसिक उपचार, म्हणजे थेरपी, करणारा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ) म्हणजे समोरच्यापुढे मान डोलवत "हं, हं" करणारा माणूस, संशोधनाशी त्याचा काही संबंध नव्हता, असं एक फॉरवर्ड सध्या फिरतंय. साफ चूक आहे हे. उलट थेरपीच्या बंद खोलीत नेमकं काय बोलणं होतं ते रेकॉर्ड करून तपासणाऱ्यांमध्ये तो अगदी पहिल्या फळीत होता, ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत असताना १९४२ च्या पुस्तकात त्याने एका क्लायंटच्या सगळ्या सेशन्सचं संभाषण जसंच्या तसं छापलं, आणि तेव्हा रेकॉर्डिंग व्हायचं तबकड्यांवर, थोड्या थोड्या मिनिटांनी तबकडी बदलत बसायचं, म्हणजे किती उपद्व्याप बघा! पुढे शिकागोत त्याच्या टीमने थेरपी घेणारे आणि थेरपीसाठी थांबवून ठेवलेले अशी तुलना केली, तीही आकड्यांत. १९५६ ला अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने वैज्ञानिक कामाचा पुरस्कार दिला तो काय मान डोलवल्याबद्दल? हां, विस्कॉन्सिनमध्ये स्किझोफ्रेनिया या गंभीर मानसिक आजाराच्या पेशंटवर केलेल्या मोठ्या अभ्यासाचे निकाल म्हणावे तसे जोरदार आले नाहीत, टीममध्ये भांडणंही झाली, पण ते सगळं १९६७ ला छापून आलंच की, लपवलं नाही कोणी.