‘वावरात सापडले ते आपलेच’ : एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

विदर्भातल्या गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत फिरणाऱ्या एका संदेशाचा आशय असा : वावरात जुनी नाणी, मूर्ती किंवा ताम्रपट निघाला तर तो जमीनमालकाचाच; तहसीलमध्ये कळवले तर वस्तूही जाते आणि जमीनही; नेलेली वस्तू गोदामात धूळ खाते; म्हणून एखाद्या हौशी संग्राहकाला विकून मोकळे व्हावे.

पहिला दावा कायद्यापुढे टिकत नाही. १८७८ चा भारतीय निखात निधी कायदा आजही लागू आहे. दहा रुपयांहून अधिक मोलाचे गुप्तधन सापडल्यास ते काय आहे, कोठे आणि केव्हा सापडले, हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. चौकशीअंती ते बेवारस ठरले आणि वाटणीबाबत आधीचा करार नसला, तर तीन चतुर्थांश हिस्सा शोधणाऱ्याला आणि एक चतुर्थांश जमीनमालकाला मिळतो; म्हणजे विहीर खणताना मजुराच्या टिकावाला हंडा लागला तर मोठा वाटेकरी मजूरच, आणि हे कलम संदेशातून नेमके गळावे यात मला नवल वाटत नाही. सरकारला ते धन हवे असेल तर धातूची किंमत आणि तिचा एक पंचमांश इतकी रक्कम द्यावी लागते. हा मोबदला तुटपुंजा आहे, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु लपवणाऱ्याचा हिस्सा सरकारजमा होतो, शिवाय एक वर्षापर्यंतच्या कैदेची तरतूद आहे. शंभर वर्षांहून जुन्या पुरावस्तूंचा विनापरवाना व्यापार १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्याने गुन्हा ठरतो, आणि खासगी व्यक्तीला अशी वस्तू देशाबाहेर पाठवताच येत नाही.

जमीन जाण्याची भीती अधिक खोलवर रुजलेली आहे, पण धन सापडल्याची वर्दी दिली म्हणून सातबारा बदलत नाही. एखादे स्थळ केंद्राकडून राष्ट्रीय महत्त्वाचे म्हणून संरक्षित करायचे असेल तर १९५८ च्या प्राचीन स्मारकांविषयीच्या कायद्याप्रमाणे आधी दोन महिन्यांची सूचना देऊन हरकती मागवाव्या लागतात, आणि संरक्षित क्षेत्रातही एक फुटापेक्षा खोल न जाणारी मशागत चालते. भोवतीच्या शंभर मीटरांत बांधकामाला मात्र बंदी येते आणि तो जाच खरा आहे. पण तो घोषित स्थळापुरताच आहे.

तिसऱ्या दाव्यात अर्धसत्य आहे. संग्रहालयांतली पुष्कळ सामग्री प्रदर्शनात कधीच येत नाही. तरीही दलालाच्या हाती वस्तू जाण्यात आणि नोंदवहीत ती चढण्यात किती अंतर आहे, हे वाशीम जिल्ह्यालाच विचारावे. मंगरूळपीर तालुक्यातल्या तऱ्हाळ्याला १९३९ मध्ये सातवाहनांच्या नाण्यांचा मोठा साठा निघाला. नाणी पोटीन या हलक्या मिश्रधातूची, सोनाराने हातात घेऊन परत करावीत अशी. मात्र साठा एकत्र राहिला, नागपूरचे इतिहाससंशोधक वा. वि. मिराशी यांनी त्याचा अभ्यास केला आणि पुराणांतल्या वंशावळीत नसलेले कुंभ, कर्ण आणि शक सातकर्णी हे राजे इतिहासाला कळले. त्याच वर्षी वाशीमचा ताम्रपट उजेडात आला. राजा विंध्यशक्ती दुसरा याच्या त्या पत्र्यांवरून विदर्भावर राज्य करणाऱ्या वाकाटक घराण्याची वत्सगुल्म, म्हणजे वाशीमची, स्वतंत्र शाखा होती हे उलगडले. अजिंठ्याचे सोळावे लेणे देणारा वराहदेव ज्या हरिषेणाचा मंत्री होता, तो राजा याच शाखेचा. दलाल असा साठा फोडतो, ज्यांना गिऱ्हाईक आहे ती नाणी वेगळी काढतो आणि चोरीचा माग राहू नये म्हणून गावाचे नाव पहिल्यांदा पुसतो. नाव पुसलेल्या नाण्याला काचेच्या कपाटात कितीही जपले, तरी ते कोणत्या मुलखात, कोणत्या राजाच्या नाण्यांबरोबर चालत होते हे ते सांगू शकत नाही. त्याला जतन म्हणणे मला शक्य नाही.

संदेशाच्या शेवटी, गोलाकार मांडलेल्या धोंड्यांखाली सोने असते, अशी शेपूट जोडलेली आहे. नागपूर जिल्ह्यातल्या जुनापाणी, माहुरझरी, नायकुंड येथील ही शिळावर्तुळे लोहयुगीन दफने आहेत. त्यांत मुख्यतः लोखंडी कुऱ्हाडी, मडकी, हाडे आणि घोड्यांचे तांब्याचे अलंकार मिळतात. जेसीबी लावणाऱ्याला भंगाराच्याही भावाचे काही मिळत नाही, आणि दफनाची मांडणी मात्र कायमची मोडते.

ज्याला खरोखर काही सापडले आहे त्याने नाणी चिंचेने किंवा आम्लाने घासू नयेत, कारण त्यात अक्षरे झिजतात. हंडा जागेवरून न हलवता छायाचित्र घ्यावे, गट क्रमांक व खोली लिहून ठेवावी, जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे लेखी अर्ज द्यावा आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्यावी. हिश्शाचा वाद पुढे उभा राहिला तर तीच पोच दाखवता येते.