मालकाला काहीच माहीत नसतं

माध्यमसम्राट व्हायचं मनात असेल, तर पहिलं काम जन्माआधीच उरकून घ्या: वडील नीट निवडा. रूपर्ट मरडॉक यांनी 1931 साली मेलबर्नमध्ये ते चोख पार पाडलं. वडील सर कीथ मरडॉक म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या वृत्तपत्रसृष्टीतलं बडं प्रस्थ. 1952मध्ये ते गेले आणि ॲडलेडचं ‘द न्यूज’ मुलाच्या हाती आलं. एका लहानशा पेपरापासून सुरुवात केली, असं चरित्रकारांना पुढे कायमचं लिहिता आलं.

ऑक्सफर्डला शिकताना त्यांच्या खोलीत लेनिनचा पुतळा होता. तुम्हीही ठेवा. तरुणपणी कामगारवर्गाचा अभ्यास झाला की पुढे अडत नाही. 1986मध्ये त्यांच्या ब्रिटिश पेपरांसाठी लंडनच्या वॉपिंग भागात गुपचूप नवा छापखाना उभा राहिला आणि संपावर गेलेल्या पाच-सहा हजार कामगारांना घरी पाठवण्यात आलं.

मातृभूमीवर प्रेम जरूर करावं, पण परवान्याच्या अटी वाचून. अमेरिकेत टीव्ही केंद्रं विकत घ्यायला परदेशी मालकाला कायदा आडवा येत होता. कायदा बदलण्यापेक्षा देश बदलणं सोपं, म्हणून 1985मध्ये मरडॉक अमेरिकन झाले. कर्जही बेताने काढू नये. थोडं काढलं तर बँक तुम्हाला झोपू देत नाही. त्यांच्यासारखं शंभराहून अधिक बँकांकडून अब्जावधी डॉलर उचललं, की 1990 साली आख्खी बँकिंग व्यवस्थाच तुम्हाला बुडू देत नाही.

आता मुख्य विद्या. साम्राज्यात पान हललं तर श्रेय तुमचं, पण झाड पडलं तर तुम्ही गावात नव्हता. त्यांच्या ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ या ब्रिटिश पेपरच्या लोकांनी खून झालेल्या एका शाळकरी मुलीचे व्हॉइसमेल चोरून ऐकल्याचं 2011मध्ये उघड झालं. 168 वर्षांचा पेपर काही दिवसांत बंद करून टाकला आणि मरडॉक ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे बसले. आयुष्यातला सर्वांत नम्र दिवस, असं त्याचं वर्णन त्यांनी केलं. मग विचारणा झाली: या सगळ्याला अखेर तुम्हीच जबाबदार ना? नाही, म्हणाले. मग कोण? ज्यांच्यावर मी विश्वास टाकला ते, आणि कदाचित त्यांनी ज्यांच्यावर टाकला ते. हा पेपर म्हणजे आपल्या कंपनीचा एक टक्कासुद्धा नाही, हेही त्यांनी सांगितलं. निवडणूक जिंकून दिल्याची फुशारकी त्यांचा दुसरा पेपर ‘सन’ पहिल्या पानावर मारतो तेव्हा टक्केवारी काढायची नसते, हे ध्यानात ठेवा.

मात्र नेहमी अज्ञानच उपयोगी पडतं असं नाही, कधी कधी नुसतं बसून राहावं लागतं. 2020ची अमेरिकेतली निवडणूक मतदानयंत्रांनी चोरली, ही थाप त्यांच्या फॉक्स न्यूज वाहिनीवर चालू होती. हे थांबवता आलं असतं का, असं यंत्रं बनवणाऱ्या कंपनीच्या वकिलांनी बदनामीच्या दाव्यात विचारल्यावर मरडॉक शपथेवर म्हणाले, आलं असतं, पण थांबवलं नाही. या स्पष्टवक्तेपणासह प्रकरण 2023मध्ये 78 कोटी 75 लाख डॉलरांना मिटलं. यंत्रं बनवणाऱ्या कंपनीला पैसे मिळाले. प्रेक्षकांना मिळाली ती आधीची थाप, तीही फुकट.

निवृत्तीची घाई नको. ते 92व्या वर्षी अध्यक्षपदावरून उतरले आणि 93व्या वर्षी पाचव्यांदा बोहल्यावर चढले. दरम्यान घरात वेगळाच घोळ होता. थोरल्या चौघा मुलांना आपल्यामागे कंपनीत सारखा मताधिकार मिळेल, असा ट्रस्ट त्यांनीच केला होता आणि तो न बदलण्यासारखा होता. सगळी सूत्रं थोरल्या मुलाकडे, लॅकलनकडे, राहावीत म्हणून तो बदलायचा प्रयत्न झाला. 2024च्या अखेरीस नेवाडाच्या न्यायालयात तो फेटाळला गेला. शेवटी 2025मध्ये उरलेल्या तिघांना प्रत्येकी सुमारे 1.1 अब्ज डॉलर देऊन घरचा विषय मार्गी लागला. तेव्हा ट्रस्ट करताना मुलांवर सारखंच प्रेम दाखवण्याआधी एकदा वकिलाकडून खर्चाचा अंदाज घ्या.